मामाची शिफारस

मामाच्या लाँड्रीत फोन वाजला की मामा आधी माफी मागतो आणि मग विचारतो, कोण बोलतंय.

ही चेष्टा नाही. एकदा कुणा गृहस्थांचा चुकून आमच्याकडे फोन लागला. त्यांचा फ्रिज गार होत नव्हता. मामाने सगळं ऐकून घेतलं, दोनदा क्षमा मागितली आणि सकाळी माणूस पाठवतो असं सांगून टाकलं. शब्द दिल्यावर पाठवावाच लागला. आमचा इंजिन गेला. हा इंजिन म्हणजे इस्त्रीच्या रोलरवरचा आमचा जुना माणूस. दिवसभर वाफेत उभा राहून राहून आता बोलतानाही फुसफुसतो. त्याने फ्रिज भिंतीपासून जरा पुढे ओढला, मागचा सुटलेला प्लग नीट बसवला आणि चहा पिऊन परत आला. त्या गृहस्थांचे पडदे तेव्हापासून आमच्याकडेच धुवायला येतात.

मामा जन्मापासून असा नव्हता. तरुणपणी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. हॉटेलांना चादरी-टॉवेल भाड्याने द्यायचे, रोज धुऊन, इस्त्री करून पोचवायचे, हा आमचा धंदा. सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने एकदा एका चादरीवरच्या डागावरून कटकट केली. डाग हॉटेलातच पडलेला होता. मामाने ते भांडून भांडून सिद्ध केलं. मॅनेजरने कबूल केलं आणि पुढच्या आठवड्यापासून दुसरी लाँड्री लावली. "मी बरोबर होतो आणि गाड्या रिकाम्या होत्या," असं मामा अजून सांगतो. त्या दिवसापासून आमच्याकडे तक्रारीशी वाद घालायचा नाही हा नियम झाला.

मात्र या नियमाला एक बारीकशी मेख आहे, ती फक्त आम्हा आतल्यांना ठाऊक. खरोखरच फाटकी किंवा डागाळलेली चादर गेली असेल, तर मामा म्हणतो, "ती राहू द्या तिकडेच, फरशी पुसायला घ्या. नवी पाठवतो." पण माल चोख असेल आणि समोरचा उगाच नाक मुरडत असेल, तर मामा अगदी गोड आवाजात म्हणतो, "परत पाठवा. एक दिवसही ठेवू नका. गाडी पाठवतो." चादर आली की उजेडात धरून बघतो, आपल्या टेबलामागच्या कपाटात ठेवतो आणि हॉटेलला दुसरी धाडतो. त्या कपाटात आमच्याकडच्या सगळ्यात उत्तम चादरी आहेत. ज्याला माल कळत नाही त्याच्याकडे चांगली वस्तू ठेवायची नाही, एवढाच मामाचा माज. बाकी सगळा माज त्याने त्या मोठ्या हॉटेलबरोबर घालवला.

तिथले सगळेच त्याला मामा म्हणतात. खरी भाची मी एकटी. कॉलेज संपल्यावर "दोन महिने ये जरा मदतीला" म्हणाला, ती मी अजून तिथेच आहे. धुणं, वाळवणं, इस्त्री, घड्या, गाड्या, माणसं सगळं मी बघते. मामा फोन बघतो.

आता एमबीएचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगते. एका हॉटेल कंपनीला तिची शहरातली सगळी हॉटेलं एकाच लाँड्रीला द्यायची होती. त्यांच्या ऑफिसात मला बोलावलं. समोर एक गुळगुळीत दाढीचा पोरगेला साहेब. त्याने विचारलं, "पुढच्या तीन वर्षांसाठी तुमची वाढीची रणनीती काय?" मी म्हटलं, "आणखी एक वॉशर." तो हसला. वाईट हसला असंही नाही, एखादं मूल काहीतरी गोड बोलल्यावर हसतात तसा हसला, आणि काम दुसऱ्याला गेलं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. कारण उत्तर बरोबर होतं हो! आणखी एक वॉशर, म्हणजे आणखी एक पाळी, म्हणजे हॉस्पिटलचे कपडे वेगळे धुता येणार, म्हणजे हॉस्पिटलं मिळणार, म्हणजे दुसरं युनिट. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तोंडातून फक्त वॉशर बाहेर आला.

नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा एमबीए असतो, असं कळलं आणि मी ठरवलंच. दुसरं युनिट मला काढायचंय, मीच काढणार, आणि पुढच्या वेळी असा कुणी साहेब हसला तर त्याच्याच भाषेत त्याला गप्प करणार.

मामाला सांगितलं तेव्हा तो चष्मा पुसत होता. "शनिवारी?" म्हणाला. "शनिवारी तर सगळ्यात जास्त माल असतो. घड्यांच्या टेबलावर कोण उभं राहणार?"

"बघू की."

"शिकलेली माणसं जातात, बाई," एवढंच बोलला आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागला. त्याचा मुलगा असाच शिकला, गेला, आणि आता रविवारी फोन करतो. तो फोन आला की मामा त्यालाही आधी माफ करा म्हणतो, सवयीने.

अर्जात एक निबंध होता: तुम्ही नेतृत्व केल्याचा प्रसंग लिहा. मी गुलाबी गाउनांची गोष्ट लिहिली. एकदा पांढऱ्या बाथगाउनांच्या घाण्यात कुणीतरी लाल पडदा टाकला होता. सगळे गाउन गुलाबी निघाले. मामाच्या तोंडचं पाणी पळालं; तो माफी मागायला फोनकडे निघाला, तर मी रिसीव्हर हिसकावला आणि हॉटेलला सांगितलं, नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांच्या खोल्यांसाठी खास रंग आणलाय, आठवडाभर ठेवून बघा. पुढच्या महिन्यात त्यांनी आणखी मागवले. तसाच गुलाबी पुन्हा आणताना आमच्या नाकी नऊ आले, ते मी निबंधात लिहिलं नाही. मामा मात्र कितीतरी दिवस माझ्याकडे बघून मान हलवायचा. "चूक विकलीस गं," म्हणायचा. कौतुकाने की धसक्याने, ते मला कधी कळलं नाही.

इथवर ठीक होतं. घोडं अडलं ते शिफारशीपाशी. संस्थेचा नियम असा की प्रवेशाचं बघणाऱ्या मॅडम तुमच्या मालकाशी स्वतः फोनवर बोलणार. फोनवर! माझ्या मालकाशी!

मी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. आई संस्थेच्या मॅडम झाली. आई मामाची थोरली बहीण, तिच्यापुढे तो जरा वचकून असतो. चमचा कानाला लावून आई म्हणाली, "हॅलो, तुमच्या भाचीबद्दल विचारायचं होतं."

"क्षमा करा," मामा म्हणाला.

"अरे, अजून काही विचारलंच नाही मी!"

"विचारणार ना पण?"

आईने कपाळावर हात मारला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा क्षमा. चौथ्या-पाचव्या खेपेला आईने चमचा टेबलावर आपटला. "लहानपणी माझी बाहुली तोडलीस तेव्हा एकदा तरी माफी मागितली होतीस का रे?" मामा म्हणाला, "तू गिऱ्हाईक कुठे होतीस?"

शेवटी दोन वाक्यं बसली. एक, "ती फार कष्टाळू आहे आणि तिच्यात नेतृत्वगुण आहेत." आणि दोष विचारले तर, "तिला सगळं अगदी नीटनेटकंच लागतं, हाच तिचा दोष." दुसरं वाक्य मामाला पटेना. "हा कसला दोष? हा तर धुऊन, इस्त्री करून दाखवलेला डाग झाला."

"तसंच सांगतात सगळे," मी म्हटलं.

"मग विचारतात कशाला?" मामा म्हणाला. पण पाठ केलं बिचाऱ्याने. गाड्या भरताना पुटपुटायचा. इंजिनलाही पाठ झालं.

आता माझी एक चूक कबूल करते. यंत्रांच्या घरघरीत मोबाइल ऐकू येत नाही, म्हणून मामाचा म्हणून आणि माझा म्हणूनही मी अर्जात ऑफिसातल्या लँडलाइनचाच नंबर दिला होता. म्हणजे नेमका तो फोन, ज्यावर आजवर तक्रारीशिवाय काही आलेलं नाही.

फोन आला तेव्हा मी रोलरपाशी होते. चादर गुंडाळी होऊन अडकली होती, इंजिन एका टोकाला आणि मी दुसऱ्या. ऑफिसच्या काचेतून मामा दिसत होता, ऐकू मात्र काही येत नव्हतं. त्याने रिसीव्हर उचलला. ताठ बसला. ओठ हलले; पाठ केलेलं वाक्य म्हणतोय हे मला इतक्या लांबून कळलं, कारण मीही मनातल्या मनात म्हणत होते. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मामाने चष्मा काढला.

 मामा फोनवर चष्मा फक्त तक्रार ऐकताना काढतो.

मग तो मान डोलवायला लागला. मग एकेक बोट दुमडत काहीतरी सांगायला लागला. एक हात संपला, तेव्हा रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावून त्याने दुसऱ्या हाताची बोटं सुरू केली. मी चादर टाकून धावले. दार उघडलं तेव्हा तो अगदी गोड आवाजात "हो हो, नक्की, केव्हाही" म्हणत रिसीव्हर ठेवत होता.

"काय विचारलं?"

"आधी चांगलं विचारलं. सांगितलं मी, कष्टाळू, नेतृत्वगुण. मग दोष विचारले."

"आणि तू?"

"सांगितले."

"किती?"

मामाने जरा विचार केला. "त्या म्हणाल्या, पुरे."

माझा तोल गेला. नको नको ते बोलले. म्हटलं, मी इतकी वर्षं तुझ्या चादरी मोजत्येय, तुला एक वाक्य धड बोलता येत नाही? तो म्हणाला, गिऱ्हाइकाने समोरून विचारलं तर लपवायचं नसतं, लपवलेला डाग दुप्पट महागात पडतो. मी म्हटलं, मी चादर नाही! आणि मग जे बोलायला नको होतं तेच तोंडातून गेलं: "मुद्दाम केलंस तू. मी जाऊ नये म्हणून. मुलगा गेला, आता ही तरी बांधून ठेवावी म्हणून."

बाहेर रोलर थांबलेला होता. इंजिनने ऐकलं, घड्या घालणाऱ्या बायकांनी ऐकलं. मामाने चष्मा घातला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. फ्रिजवाल्याची माफी मागणारा माणूस, स्वतःच्या मुलाची माफी मागणारा माणूस. मला मात्र एक शब्द बोलला नाही. मला ते इतकं लागलं की मी बाथगाउनांच्या ढिगामागे जाऊन मनसोक्त रडले.

मुलाखतीचं बोलावणं आलं याचंच मला आश्चर्य वाटलं. आई म्हणाली, "निदान बघून तरी ये कसे असतात ते."  निघताना पाहिलं तर माझी ओढणी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली होती, आणि कडा अशा जुळवलेल्या की तशा फक्त मामाच जुळवतो.

खोलीत दोघं होते. एक टक्कल पडलेले प्राध्यापक आणि फोनवाल्या मॅडम. प्राध्यापकांना गुलाबी गाउन आवडले होते. ते हसले, पण हे हसणं वेगळं होतं. पुढे त्यांनी दुसऱ्या युनिटबद्दल विचारलं, आणि या वेळी वॉशरच्या मागे उभं असलेलं सगळं तोंडातून बाहेर आलं. पाळी, हॉस्पिटलं, सगळं. मला जरा धीर आला.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मी तुमच्या मालकांशी बोलले."

धीर गेला.

"एवढे दोष आजवर कुणी सांगितले नव्हते," मॅडम म्हणाल्या. "आवाज मोठा आहे. कुणाचं ऐकत नाही. जेवायची वेळ पाळत नाही. दुसऱ्याची चूक झाली तरी निस्तरायला स्वतःच उभी राहते, त्यामुळे माणसं शेफारतात. मालकाच्या हातातला फोन हिसकावते. आणि हो, चूक विकते. मी त्यांना थांबवलं. शेवटी आम्ही सगळ्यांना एक प्रश्न विचारतो: उमेदवाराबद्दल आम्हाला आणखी काय सांगाल? तर ते म्हणाले, 'तुम्हाला पटली नाही तर परत पाठवा. एक दिवसही ठेवू नका. गाडी पाठवतो.'"

प्राध्यापक हसू दाबत म्हणाले, "म्हणजे मालकांच्या मते माल सदोषच दिसतोय."

"नाही हो सर," मी फटकन म्हटलं. मोठा आवाज, कुणाचं न ऐकणं, सगळे दोष एकदम हजर. "तुम्हाला आमच्याकडची पद्धत माहीत नाही. सदोष माल असता तर मामा म्हणाला असता, ठेवा तिकडेच, फरशी पुसायला घ्या. परत पाठवा असं तो फक्त—"

आणि मी थांबले. 

"फक्त काय?" मॅडमनी विचारलं.

 टेबलामागचं ते कपाट डोळ्यांसमोर आलं. मुलाखतीत रडू नये, एवढं तर मलाही कळतं. पण कळणं वेगळं. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी प्याले, नाक पुसलं आणि मग सगळं सांगितलं. मोठ्या हॉटेलचा डाग, फ्रिजवाले गृहस्थ, फरशी पुसायच्या चादरी आणि कपाटातल्या चादरी. 

"तुमच्या मामांच्या नियमात तुम्ही काय बदलाल?" प्राध्यापकांनी विचारलं.

"माफी मागायच्या आधी कोण बोलतंय ते विचारायला लावीन," मी म्हटलं. "बाकी काही नाही. त्या नियमानंतर एकही गिऱ्हाईक सोडून गेलेलं नाही."

"आणि घेतलं नाही आम्ही तुम्हाला, तर?"

"तर गाडी येईल," मी म्हटलं.

परत आले तेव्हा मामा गाड्यांपाशी होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पसंत पडली का त्यांना?"

"कळवतो म्हणाले." मग मी म्हटलं, "मामा, माफ कर मला. त्या दिवशी फार बोलले."

मामा एकदम गडबडला. इतकी वर्षं तो जगाची माफी मागत आला, पण त्याची कुणी कधी मागितली नव्हती. घ्यायची कशी हेच त्याला ठाऊक नव्हतं. "काय बिघडलं? काय बिघडलं?" असं दोनदा म्हणाला, मग उगाचच एक टॉवेल उचलून त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "घरच्या माणसाची कसली माफी," म्हणाला. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी तो गप्प का होता. मी आपली उगाच गिऱ्हाइकाच्या रांगेत उभी राहून रडले होते.

निकालाचा फोन अर्थातच लँडलाइनवर आला. मी शेजारीच उभी होते, पण मामाचा हात आधी पोचला.

"माफ करा," मामा म्हणाला. मग माझ्याकडे बघून घाईघाईने, "कोण बोलतंय?"

पलीकडे मॅडम होत्या. मी रिसीव्हरकडे हात केला. मामाने पाठ फिरवली. ऐकता ऐकता त्याने चष्म्याला हात लावला आणि तसाच सोडून दिला.

"ठेवून घेताय म्हणता?" मामा म्हणाला. आवाज जरा फाटला. "बरं. बघा हं. नीट वापरा." मग घसा खाकरला, आणि त्या मोठ्या हॉटेलनंतर प्रथमच त्याने एका गिऱ्हाइकाला दरडावलं: "पण शनिवार-रविवारच. सोमवारी सकाळी मला माझी परत पाहिजे."

रिसीव्हर ठेवून तो थेट घड्यांच्या टेबलापाशी गेला आणि तिथल्या बायकांना म्हणाला, "शनिवारपासून मी उभा राहणार आहे इथे. इतक्या भराभर घड्या कशा घालता ते दाखवा मला, माझी सवय गेलीय."